गोटू माउंट की हाताने शोधणं? नवशिक्यांना चुकीचे सल्ले देऊ नका

हस्त_नक्षत्र
काल एक पोस्ट वाचली: 'नवशिक्याने सरळ मोटरवाली गोटू दुर्बीण घ्यावी, हाताने शोधत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.' (गोटू म्हणजे बटण दाबलं की मोटरने स्वतःच हव्या त्या वस्तूकडे वळणारी दुर्बीण.) खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

गोटूला आधी तारे दाखवून अलाइन करावं, म्हणजे आकाशाशी जुळवून घ्यावं लागतं. ते तारे ओळखणार कोण? मागे भोरजवळ एकाने स्वाती समजून चित्रा धरली. हँडसेट 'अलाइनमेंट फेल' म्हणत राहिला, त्यात निम्मी रात्र गेली, आणि साहेब शिव्या घालत होते दुर्बिणीला. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की आधी स्वाती, मग चित्रा. एवढं शिकायला कितीसा वेळ लागतो?

शिवाय मोटरचे पैसे आरशातूनच कापले जातात. साधारण 5 इंची गोटूच्या बजेटमध्ये 8 इंची डॉब (हाताने ढकलायची साधी आरशाची दुर्बीण) येतो, म्हणजे अडीचपट प्रकाश. आणि देवयानीतल्या मिराक ताऱ्यावरून म्यू, म्यूवरून न्यू, मग शेजारी एम31 दीर्घिकेचा धूसर डाग, असं चालत गेलेला माणूस तिथे थांबून बघतो. तिरकी नजर कशी लावायची, म्हणजे अंधुक वस्तूच्या जरा बाजूला कसं बघायचं, ते त्याला तिथेच कळतं. बटण दाबून एम51 या दीर्घिकेवर पोचलेला दोन सेकंदांत 'काहीच नाही दिसत' म्हणून पुढचं बटण दाबतो. हे दर आकाशदर्शनाला बघतो मी.

वाकडची_बाल्कनी
भोरच्या माळावरून हे लिहिणं सोपं आहे. शहराच्या उजेडात, वाकडमधून नुसत्या डोळ्यांनी म्यू-न्यू दाखवा, मी गोटू विकतो. वाटेतले तारेच दिसत नाहीत तर चालत जायचं कुठून?

माझ्याकडे फक्त दक्षिणेची बाल्कनी आहे, कारण सोसायटीने गच्चीला कुलूप ठोकलंय. मेंटेनन्स पूर्ण घेतात, गच्ची मात्र कमिटीची! चित्रा आणि ज्येष्ठा मिळाले की माझं अलाइनमेंट होतं. मे महिन्यात त्याच बाल्कनीतून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघितला. तो पुण्यातून फार तर 24 अंश वर येतो, तुमच्यातले किती जण त्याच्या वाटेला जातात?

कोथरूड_सेक्रेटरी
गच्चीचा विषय निघालाच आहे तर ऐका. कुलूप हौसेने लावत नाही. उघड्या टाक्या, लिफ्टची मशिनरूम, कठड्यावर बसणारी मुलं, रविवारी सकाळी बाटल्या. उद्या कोणी पडलं तर पोलीस सेक्रेटरीलाच बोलावतात, दुर्बीणवाल्याला नाही.

वाकडची_बाल्कनी
बाटल्या माझ्या नाहीत. मी लेखी अर्ज दिला, चावी सही करून घेतो म्हणालो. उत्तर काय, तर 'एकाला दिली की सगळे मागतील.' मागू देत की! आणि त्याच गच्चीवर कमिटीने फ्लडलाइट लावलाय, तो रात्रभर समोरच्या बिल्डिंगवर पडतो.

डॉबवाली
आमच्याकडेही हेच. 8 इंची डॉब चार मजले चढवून न्यायचा आणि वर कुलूप. हस्त_नक्षत्र, ट्यूब आणि बेस मिळून वीस किलोच्या घरात जातं, ते वजन तुमच्या हिशेबात धरलंत का?

हस्त_नक्षत्र
धागा गच्चीचा नाही हो! माणसं शिकत नाहीत, हा मुद्दा आहे.

निवृत्त_मास्तर
मग मुद्द्यावर बोलतो. मी शाळांमध्ये आकाशदर्शन करतो. दीडशे पट वर्धनाला गुरू दीड मिनिटाच्या आतच आयपीसबाहेर जातो. मुलगी स्टुलावर चढून डोळा लावेपर्यंत तो गेलेला असतो. मी पुन्हा आणतो, तोवर मागचा धक्का मारतो आणि ट्यूब हलते. मोटर आल्यापासून शेवटच्या मुलालाही गुरूचे पट्टे दिसतात. शिवाय मला स्पॉन्डिलायटिस आहे, डोक्यावरच्या ताऱ्यासाठी मान वाकडी करून फाइंडरमध्ये (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत) बघणं आता होत नाही. हाही शिकायचा कंटाळाच का?

हस्त_नक्षत्र
सर, ज्याच्या नावावरून 'डॉब' म्हणतात त्या जॉन डॉब्सनने सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर मोटरशिवायच लोकांना चंद्र-ग्रह दाखवले.

निवृत्त_मास्तर
दाखवले. पण त्यांना पुढच्या तासाला दुसरा वर्ग घ्यायचा नव्हता.

हस्त_नक्षत्र
ठीक. शाळेसाठी ट्रॅकिंग, म्हणजे मोटरने वस्तू नजरेत धरून ठेवणं हवं, मान्य. मानेचंही मान्य. पण ट्रॅकिंग वेगळं आणि शोधून देणं वेगळं. ज्याची मान धड आहे आणि जो महिन्यातून एकदा तरी गावाबाहेर जातो, त्याला पहिलीच दुर्बीण गोटू घे म्हणून सांगू नका. शौरी तारकासमूहाच्या चौकोनात ईटा ताऱ्याकडून झीटाकडे एक तृतीयांश अंतरावर एम13 हा तारकागुच्छ आहे. त्याला दोन रात्री लागल्या तर लागू देत.

डॉबवाली
पुश-टू लावा की. फोन दिशा सांगतो, ढकलायचं हातानेच.

हस्त_नक्षत्र
चालेल, पण फाइंडर काढायचा नाही.

वाकडची_बाल्कनी
मी भोरला यायला तयार आहे, येत्या अमावास्येला. तिथे तुम्ही एम13 हाताने लावा, मी गोटूने लावतो. आणि सेक्रेटरीसाहेब, टाक्यांना झाकणं बसवायला किती खर्च येतो तेवढं सांगा, वर्गणी मी काढतो.

कोथरूड_सेक्रेटरी
आधी तुमच्या कमिटीला विचारा. आमच्याकडे अर्ज आला तर मीटिंगमध्ये ठेवीन, चावी देईनच असं म्हणत नाही.