भाचीला नर्सिंगला घालावं का? माझं उत्तर हो आहे, तुमचं सांगा

सांजपाळी

माझी भाची यंदा बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले, पण बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीत चांगलं निघालं. आता घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते फार्मसी कर, नाहीतर साधी बीएस्सी कर, पण लोकांची शी-मूत काढायला माझी पोर जाणार नाही. भाची गप्प आहे. तिने रात्री मला एकटीला फोन करून विचारलं, “मावशी, तुला पुन्हा संधी मिळाली तर तू हेच करशील?”

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिला मी हो म्हटलं, आणि का ते इथे लिहिते.

सर्जरी वॉर्डातली एक रात्र सांगते. पन्नाशीचा माणूस, दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोनला माझ्यासोबतची शिकाऊ मुलगी येऊन म्हणाली, “सिस्टर, यांची पिशवी भरत नाहीये.” चार तासांत लघवी जेमतेम ६० मिली. बीपी ११०/७०, माणूस म्हणतो मला काही होत नाही. पण चार्टवर नाडी दहा वाजता ९६, बाराला १०४ आणि आता ११८. तळहात हातात घेतला तर गार. डॉक्टरांना उठवलं, सोनोग्राफी झाली, आत रक्तस्राव निघाला. साडेतीनला पेशंट पुन्हा टेबलवर. नवव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी जिना उतरला. बीपी चांगलं आहे म्हणून ती मुलगी गप्प बसली असती, तर सकाळच्या राउंडपर्यंत काही उरलं नसतं.

ही नजर पुस्तकातून येत नाही. ती वॉर्डात उभं राहून येते, आणि एकदा आली की कुणी काढून घेऊ शकत नाही. पैशांचंही सांगते. सातव्या वेतन आयोगात राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. माझं घर आणि दोन मुलांची शिक्षणं याच नोकरीवर झाली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसनी अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबागांना जवळपास ४२ वर्षं सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयात २०११ साली त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेत डॉक्टरांचा अहवाल गेला तेव्हा त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलणं काय असतं, हे ज्याने केलंय त्याला या वाक्याचं वजन कळेल. माझ्या बहिणीला जी शी-मूत वाटते, ती हीच.

उंबरठा

ताई, तुमचा मान राखून स्पष्ट लिहिते. तुम्ही सरकारी कायम नोकरीची गोष्ट सांगताय. भाचीच्या वाट्याला ती येईलच, हे कशावरून?

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं. पहिली नोकरी ४० खाटांच्या खाजगी रुग्णालयात, नाव लिहीत नाही. हातात ११ हजार. दोन वर्षांचा बाँड. मूळ मार्कलिस्ट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात. रात्रीला २६ पेशंट आणि आम्ही दोघी. त्यातली दुसरी सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी, तिलाही पांढरा ड्रेस, तिलाही सगळे सिस्टरच म्हणायचे. इंजेक्शन भरायची मी, टोचायची ती, आणि काही झालं तर सही माझी. तुम्ही म्हणता ती नजर माझ्याकडेही होती. पण २६ नाड्या दोन तासांनी बघायला माणूस लागतो. मी चार्टवर न बघितलेल्या नाड्या लिहिल्या आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सातव्या महिन्यापर्यंत पोटुशी असताना नाइट केल्या. नंतर सोडलं. कागद परत मिळवायला पाच महिने हेलपाटे घातले. आता मेडिक्लेमच्या ऑफिसात फायली तपासते, संध्याकाळी सहाला घरी असते.

आणि अरुणा शानबाग स्वतः नर्स होत्या, ते तुमच्या लिहिण्यात आलं नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्या रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या, तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला. हल्ला करणारा तिथलाच सफाई कामगार होता. त्या ४२ वर्षांच्या सेवेला मीही हात जोडते. पण मला आधी ते तळघर दिसतं.

मुलीचा_बाबा

आमच्याकडेही हाच प्रश्न आहे म्हणून वाचतोय. शेतकरी माणूस, कॉलेजांची माहिती नाही. गावात एक एजंट येऊन गेला, म्हणाला, “अ‍ॅडमिशन आजच भरा, हजेरीला यावं लागणार नाही, परीक्षेपुरतं या.” हे खरं असतं का?

ब्रदर_लातूर

@मुलीचा_बाबा, दादा, त्या एजंटला पुन्हा दारात उभं करू नका. हजेरी न लावता झालेली नर्स म्हणजे पोहायला न शिकलेला नावाडी. कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का ते बघा, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलं प्रॅक्टिकलला कुठल्या रुग्णालयात जातात ते स्वतः जाऊन बघा. कॉलेजची इमारत चकाचक असते आणि रुग्णालयात खाटांवर पेशंटच नसतात, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता मूळ मुद्दा. मी पुरुष नर्स. घरच्यांना सोयरीक जमवताना चार वर्षं सांगावं लागलं की मुलगा “दवाखान्यात” आहे. तरी मी सांजपाळी ताईंच्या बाजूने. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेत, नॉरसेटमध्ये, तिसऱ्या वेळी पास झालो. मूळ वेतन ४४,९००. तिथे ८० टक्के जागा स्त्रियांसाठी असतात, म्हणजे भाचीला माझ्यापेक्षा वाट मोकळी आहे. दोन वर्षं वॉर्डात झोकून काम आणि सोबत अभ्यास केला तर होतं.

उंबरठा ताई, तुमच्या बाबतीत झालं तो सरळ अन्याय आहे. पण तो रुग्णालयाच्या मालकाने केलेला आहे. नर्सिंगने केला, असं म्हणू नका.

उंबरठा

भाऊ, तुमचे अभिनंदन, मनापासून. पण तुमच्या वर्गातले किती जण तिथवर पोचले? माझ्या वर्गातल्या बऱ्याचजणी अजून अशाच ३०-४० खाटांत आहेत. एकाचा निकाल सगळ्यांच्या नावावर लावू नये.

आणि मालक वेगळा, पेशा वेगळा, हे मला पटत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं, २०० च्या वर खाटा असतील तर खाजगी नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्या. १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असतील तरी २० हजारांच्या खाली जाऊ नका. मी ११ हजारांवर होते ते २०१९ साल. कागद आला होता, माझ्या पगारपत्रकापर्यंत पोचला नाही.

आम्ही पगार विचारला की उत्तर यायचं, “सिस्टर, ही सेवा आहे.” वाण्याने बिल दिलं तेव्हा त्याला कुणी सेवा म्हणून सोडलं नाही. तो शब्द फक्त आमच्यासाठीच राखून ठेवलेला आहे. भाचीला घालायचं तर घाला, पण त्या शब्दापासून तिला आधी वाचवा.

ओटीवाला

थोडक्यात लिहितो. रुग्णालय म्हणजे फक्त डॉक्टर आणि नर्स नव्हे. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचे टेक्निशियन, डायलिसिस, कॅथलॅब, एक्स-रे, लॅब हेही आहे. मी ओटीत आहे, समाधानी आहे. २०२१ च्या कायद्याने आमच्यासाठीही राष्ट्रीय आयोग झाला. बहिणीला शी-मूतच नको असेल तर हा मधला मार्ग बघा. पण कायम सरकारी जागा नर्सिंगपेक्षा पुष्कळ कमी निघतात, हेही लक्षात घ्या.

नेकारकाठी

मी जर्मनीतून लिहितेय. मूळची मिरजेची, इथे चौथं वर्ष. उंबरठा, तुझं वाचून माझी पहिली नोकरी आठवली, त्यामुळे तुला खोटं ठरवणार नाही. पण तिसरी वाट आहे. बी२ पातळीपर्यंत जर्मन शिकावं लागतं, माझं सव्वा वर्ष त्यात गेलं. डिग्रीला इथली मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून कमी पगारावर काम केलं. त्यानंतर सगळं नीट आहे. पाळी संपली की संपली. सुट्टीला हात जोडावे लागत नाहीत.

भाचीच्या आईला एक सांगा. आपल्याकडे पेशंटला आंघोळ नातेवाईक घालतात, बेडपॅन वॉर्डातल्या मावशी देतात. इथे ते सगळं नर्सच करते. पहिल्या आठवड्यात एका आजींना आंघोळ घालताना मी रडले, इतकं शिकून हे करायचं का म्हणून. त्या आजी रोज पाणी हाताला किती कोमट लागतं ते सांगायच्या. महिन्याभराने मी त्यांच्या टाचेवरचा लालसर डाग सर्वांआधी पाहिला, कारण त्यांचे पाय मीच धुवत होते. जखम झालीच नाही. आता मला त्या कामाचं काही वाटत नाही.

तोटाही सांगते. माझ्या वॉर्डात कॅन्युला, म्हणजे सलाइनची नळी, डॉक्टर लावतात. मिरजेत मी दिवसाला पंधरा लावायचे, लहान बाळाची व्हेनसुद्धा एका टोच्यात. तो हात आता गेलाय.

सांजपाळी

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण उंबरठाच्या पहिल्या प्रतिसादाने झोप उडवली.

न बघितलेल्या नाड्या लिहिल्या, हे तू लिहिलंस. पोरी, मी इन्चार्ज असताना माझ्या वॉर्डातही ते होत होतं आणि मला माहीत होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक. माझ्या वॉर्डात ६० पेशंट आणि रात्री दोघी. मी मेट्रनकडे, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य नर्सकडे, लेखी दिलं तीनदा. चौथ्यांदा दिलं नाही. २०२२ मध्ये बाह्यस्रोताने, म्हणजे कंत्राटदारामार्फत, भरती नको म्हणून राज्यभर नर्सेसनी संप केला, तेव्हा मी त्यात होते, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या चौथ्या अर्जाची रुखरुख आहे.

नेकारकाठी, तू सुखी आहेस याचा आनंद आहे. तरी खरं सांगते, बाळाची व्हेन एका टोच्यात घेणारा हात मिरजेतून गेला याचं मला वाईट वाटतं. तुला दोष नाही. इथे ठेवून घेण्यासारखं आम्ही काही ठेवलं नाही.

पण उंबरठा, माझं उत्तर अजून हो आहे. त्या रात्रीच्या शिकाऊ मुलीला बाजूला काढून मी हिशोब मांडू शकत नाही. तू सोडलंस म्हणून तुझी नजर वाया गेली असंही मी मानत नाही. मेडिक्लेमच्या फायलीत तुला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नसणार.

उंबरठा

दिसतं, ताई. चार्टवर सगळ्या नाड्या ८० लिहिलेल्या दिसल्या की मी फाइल बाजूला ठेवते आणि त्या मुलीचा विचार करते.

तुमच्या हो ला माझा आता विरोध नाही. पण भाचीला कॉलेज आणि पुढे नोकरी बघायला जाल तेव्हा पगार, बाँड तर विचाराच. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. रात्री किती पेशंटमागे किती नर्स, ते एचआरला न विचारता तिथल्या नाइटच्या मुलीला गाठून विचारा. आणि कपडे कुठे बदलतात ते दाखवा म्हणा. आमच्याकडे ड्रेसिंग रूमचा पडदा होता, आत गेलं की बाहेरून एकीला उभं राहावं लागायचं.

सांजपाळी

शनिवारी आम्ही तिघी जाणार आहोत, बहीणसुद्धा. भाचीने वहीत लिहून घेतलंय. चेंजिंग रूमला आतून कडी आहे का, हे तिने सगळ्यात वर लिहिलंय.

उंबरठा

दुपारपाळी रात्री आठला सुटते. गाडी सोडायला येते का, तेही लिहायला सांगा.