मूठभर तांदूळ: मदत हवी आहे

सर्वांना जय ख्रिस्त. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात. मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, ते गोळा करून विकते, त्यातून सेवाकार्य चालतं. ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला. आमच्या महिला मंडळाला हे फार भावलं. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणं, सगळ्यांना झेपत नाही, पण बायबलमधल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, दानपेटीत टाकणाऱ्या गरीब विधवेसारखी एक मूठ तर कुणीही देईल!

आम्हाला मात्र धान्य विकायचं नाही, गरजू घरी पोचवायचंय. ती घरं आमच्याच मंडळीतली, शेजारच्या बाकावर बसणारी. त्यांना ओशाळं न वाटता कसं द्यावं? उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, तर हिशेब कुणी ठेवावा? आणि पावसाळ्यात किडीचं काय करता? कुणी करत असाल तर कृपया सविस्तर सांगा.