शाळेतली श्रवण तपासणी: 500 हर्ट्झलाच मुलं का अडकतात?

प्रश्न
जिल्हा परिषद शाळांत 20 डेसिबलवर स्क्रीनिंग (चाळणी तपासणी) करतो: 500 (सर्वांत खालचा, जाड सूर), 1000, 2000, 4000 हर्ट्झ (सर्वांत वरचा, बारीक). हेडफोन साधे, कानावर टेकणारे. 4000 ला मुलं पटकन हात वर करतात, 500 ला गप्प. पंखे बंद असतात, मोबाइल ॲप खोलीतला आवाज 42 डीबीए (कानाच्या संवेदनेनुसार जुळवलेले, 'ए' मापनाचे डेसिबल) दाखवतं. खिडक्यांना अंड्यांचे ट्रे लावावेत का?

प्रतिसाद १
ट्रे नकोत. त्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी होईल, बाहेरचा आवाज अडणार नाही. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखाली बोटभर फट असेल तर तिथे सतरंजीची घट्ट गुंडाळी दाबा. खोली रस्त्यापासून, पाण्याच्या मोटारीपासून आणि खिचडीच्या शेडपासून लांबची घ्या, मधली सुट्टी टाळा.

खरी अडचण हेडफोनच्या गादीची. ती 4000 ला साधारण 30 डेसिबल आवाज अडवते, 500 ला जेमतेम पाच-सात. ट्रकची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते आणि सरळ आत येते. म्हणून शाळेत 500 वगळून 1000, 2000, 4000 ठेवलेलं बरं. मात्र कानाच्या पडद्यामागचं पाणी त्यात निसटू शकतं, तेव्हा जोडीला टिंपॅनोमेट्री (कानात हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते पाहणारी चाचणी) हवीच.

प्रतिसाद २
42 डीबीए वर विसंबू नका. 'ए' मापन 125 हर्ट्झचा आवाज 16 डेसिबल कमी धरतं, म्हणजे घरघर आकड्यात फारशी दिसत नाही. ऑक्टेव्ह पट्ट्यांनुसार (जाड ते बारीक प्रत्येक पट्टीतला आवाज वेगळा) मोजणारं मीटर घ्या. अशा हेडफोनने 500 ला 0 डेसिबलपर्यंत (निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा सूर) तपासायचं तर खोलीतल्या आवाजाची अमेरिकन मानकातली (एएनएसआय एस3.1) मर्यादा त्या पट्टीत 21 डेसिबल आहे, 20 वर स्क्रीनिंग असेल तर 41 चालतात.

मीटर नसेल तर ऐकू चांगलं येणाऱ्या माणसाला त्याच खुर्चीत, त्याच हेडफोनने बसवा. 10 डेसिबलवर प्रत्येक सूर ऐकू आला पाहिजे. नाही आला तर खोली बदला. बाहेरची गडबड वाढली की पुन्हा करून पाहा.

प्रश्नकर्ता
इन्सर्ट इअरफोन (फोमचं टोक कानात आत घालायचे) घेतले तर?

प्रतिसाद ३
फार फरक पडतो, खालच्या पट्टीतही 30 च्या आसपास आवाज अडतो. पण फोम नीट बसला तरच. आधी कानात मळ नाही ना, पाहा. फोम सुरकुती न पाडता बारीक वळा, कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर राहिला तर बाहेरचा आवाज आत शिरतो आणि सूरही कमी पोचतो. लहान मुलांना छोटं टोक लागतं.

हेडफोन काढून त्याच सॉकेटला इन्सर्ट जोडू नका. त्यांचं कॅलिब्रेशन (यंत्राचे आकडे अचूक जुळवणं) वेगळं असतं. ते न करता घेतलेले आकडे चुकीचेच येतील.

प्रतिसाद १
आणि हाडामार्फतची चाचणी (कवटीच्या हाडाला कंपक लावून सूर ऐकवणं) शाळेत करूच नका. तिथे कान उघडे असतात, 500 ला मर्यादा 21 वरून 16 वर येते. कान झाकावेत तर 1000 पर्यंतचे सूर उगाच मोठे ऐकू येतात. त्या मुलांना साउंडप्रूफ बूथ असलेल्या ठिकाणीच पाठवा.