व्हिव्हियन वुडवर्ड: हौशी म्हणजे दुय्यम नव्हे
विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लिश फुटबॉलबद्दल बोलताना व्यावसायिक खेळाडू स्टीव्ह ब्लूमरच्या इंग्लंडसाठीच्या २३ सामन्यांत २८ गोलांचा उल्लेख होतो, आणि त्या काळातले हौशी (पैसे न घेता खेळणारे) खेळाडू व्यावसायिकांपुढे टिकत नसत असंही कुणी म्हणतं. हे दुसरं मला अजिबात पटत नाही. व्हिव्हियन वुडवर्ड पेशाने वास्तुविशारद, खेळायचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. तरी इंग्लंडच्या मुख्य संघाकडून २३ सामन्यांतच त्याचे २९ गोल आहेत, ब्लूमरपेक्षा एक जास्त!

१९०८मध्ये त्याचा क्लब टॉटनहॅम पहिल्यांदा इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये उतरला, तेव्हा वुल्व्ह्ज क्लबविरुद्ध क्लबचा लीगमधला पहिला गोल त्याचाच. पुढच्या वर्षी तो चेल्सी क्लबकडे गेला. १९०८ आणि १९१२ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ब्रिटनला सुवर्णपदक मिळालं, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात डेन्मार्कला हरवून.

पण मला तो आवडतो तो १९१५च्या एफए कप (इंग्लंडमधली क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) फायनलमुळे. महायुद्ध सुरू होतं, वुडवर्ड सैन्यात. चेल्सीचा आघाडीचा खेळाडू बॉब थॉमसन जखमी, म्हणून वुडवर्डला खेळण्यासाठी रजा मिळाली. ऐनवेळी थॉमसन बरा झाला. तेव्हा ज्याने संघाला फायनलपर्यंत आणलं त्यानेच खेळावं, असं म्हणून हा बाजूला झाला. चेल्सी शेफिल्ड युनायटेडकडून ०-३ हरली. तो स्वतः असता तर? हा प्रश्न मला अजून छळतो. पुढच्याच वर्षी युद्धात त्याच्या मांडीला जखम झाली आणि वरच्या दर्जाचं फुटबॉल कायमचं सुटलं.