एल आकाराच्या खोलीचे क्षेत्रफळ फरशीसाठी कसे मोजावे?

प्रश्न
नमस्कार. एका खोलीची जुनी फरशी काढून ६० बाय ६० सेंटिमीटरच्या टाइल बसवायच्या आहेत. खोली एल आकाराची असून तिची लांबी १६ फूट आणि रुंदी १२ फूट ६ इंच आहे, मात्र एका कोपऱ्यातला ५ फूट बाय ४ फूट ६ इंचांचा भाग तिच्यात येत नाही. शिवाय एक भिंत गुण्यात, म्हणजे शेजारच्या भिंतीशी काटकोनात, नसावी, अशी शंका आहे. क्षेत्रफळ कसे काढावे, आणि भिंतीत पक्क्या बसवलेल्या कपाटाखालची जागा त्यात धरावी का?

प्रतिसाद १
आधी खोलीचा कच्चा आराखडा काढून तिचे दोन आयत पाडा. एक १६ × ८, म्हणजे १२८ चौरस फूट, आणि दुसरा ११ × ४.५, म्हणजे ४९.५, बेरीज १७७.५. पडताळ्यासाठी पूर्ण आयताच्या २०० चौरस फुटांतून गाळलेल्या कोपऱ्याचे २२.५ वजा करा, उत्तर तेच यायला हवे. इंचांना मात्र नेहमी १२ ने भागावे. १२ फूट १० इंच हे माप कोणी १२.१० असे लिहून गुणले, तर १६ फूट लांबीच्या खोलीत जवळजवळ १२ चौरस फुटांची तूट येते, आणि हिशेब बरोबर दिसत असल्यामुळे ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रतिसाद २
गुण्याची शंका टेपनेच फिटेल. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा; दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. नसल्यास, समोरासमोरच्या दोन बाजू समांतर असतील तर त्यांच्या लांबीची सरासरी काढून तिला त्यांच्यामधल्या लंब अंतराने गुणावे. मापे स्कर्टिंगपासून (भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीपासून) न घेता भिंतीच्या गिलाव्यापासून घ्यावीत. कपाट हलणार नसेल तर त्याखालची जागा वगळा.

प्रतिसाद ३
वरचे हिशेब योग्यच आहेत, पण टाइलच्या बाबतीत क्षेत्रफळापेक्षा मांडणी अधिक महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. अशी एक टाइल सुमारे ३.८७५ चौरस फूट भरते, त्यामुळे १७७.५ चौरस फुटांना ४६ टाइल लागतात, आणि कापण्यात वाया जाणारे १० टक्के धरल्यास ५१. आता खोलीचा ८ फूट रुंदीचा भाग पाहा: ८ फूट म्हणजे जवळजवळ २४४ सेंटिमीटर. १६ फुटी भिंतीपासून अख्ख्या टाइलने सुरुवात केली तर चार टाइल बसून शेवटी चार सेंटिमीटरची चिंधी उरते, आणि ती कितीही सफाईने कापली तरी नजरेत खुपते. त्याऐवजी पहिली ओळ ३२ सेंटिमीटरच्या तुकड्यांनी सुरू करा. मग त्या टोकालाही ३२ चाच तुकडा येतो आणि पूर्ण रुंदीच्या भागात शेवटी सुमारे ४९ चा. सांध्यांमुळे यात थोडा फरक पडेल, म्हणून दोन ओळी कोरड्याच मांडून पाहा. स्कर्टिंग रनिंग फुटांत, म्हणजे नुसत्या लांबीने, मोजतात. खोली एल आकाराची असली तरी परिघ पूर्ण आयताएवढाच, म्हणजे ५७ फूट असतो, त्यातून दाराची आणि कपाटाची रुंदी वजा करा.