मोडीचं पहिलं वाचन यंत्राला करू द्यावं का?

मोडीवर्ग: एम.ए. इतिहासाच्या मुलांना मी मोडी लिपी शिकवते. हस्ताक्षर ओळखणारी साधनं आता मोडीसाठीही येऊ लागली आहेत. ती मुलांना वापरू द्यावीत असं माझं मत आहे. पहिलं लिप्यंतर यंत्राचं, दुरुस्ती मुलांची. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले, बाकीचे बहुतेक रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेलेच. सराईत वाचक तयार व्हायला वर्षं लागतात, आणि कागद खाणारी कसर तोवर थांबत नाही.

बोरू: मॅडम, मला हे पटत नाही. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घही वेगळं नसतं. ‘दिन’ की ‘दीन’ हे मागच्यापुढच्या मजकुरावरून ठरवायचं, आणि तेच तर शिकवायचंय. यंत्राने स्वच्छ देवनागरी पुढ्यात ठेवली की शंका घ्यायची सवयच लागत नाही. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती, पानिपतच्या वर्षाचं एकही पत्र सापडेना म्हणून. शोधत होती ‘१७६१’. पत्रात साल असतं शुहूर सनाचं, अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे, तेव्हा इसवी सन येतो.

मोडीवर्ग: सर, मग उत्तर तुम्हीच दिलंत! हे गणित एकदा फळ्यावर झालं की तीच मुलगी यंत्राच्या लिप्यंतरात ‘सितैन’ शोधेल आणि ११६० ते ११६९ची पत्रं एका बैठकीत पुढ्यात घेईल. हाताने रुमाल सोडत बसली तर तिचा सगळा प्रबंधकाळ त्यातच जाईल.

बोरू: आणि यंत्राने ‘सितैन’चं ‘सबैन’, म्हणजे साठाचं सत्तर, केलं तर? दहा वर्षांचा फरक पडला. ज्याने स्वतः शंभर पत्रं वाचलीत त्यालाच ते खटकेल.

दप्तरखाना: मी स्कॅनिंगचं काम करतो. तुमचा वाद अक्षरांवर चाललाय, मला काळजी कागदाच्या पाठीची आहे. पाठीवर पुष्कळदा पत्ता असतो, कधी पत्र पोचल्याची तारीख. एका ठिकाणी घाईत पाठी सोडून दिल्या, फायलींच्या नावात रुमाल क्रमांकही घातला नाही. आज ती पत्रं पडद्यावर सुरेख दिसतात, पण कोणाला लिहिली, शेजारी कोणता कागद होता, काही कळत नाही. तेच रुमाल पुन्हा सोडायला लागले. जुने कागद, प्रत्येक वेळी घडीवर तुटतात. फार वाईट वाटतं.

मोडीवर्ग: हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग असं करते: पहिली सहामाही नुसते डोळे आणि पेन्सिल. यंत्र दुसऱ्या सहामाहीत, तेही पाठ आणि रुमाल क्रमांक नोंदलेल्या कागदांवरच. पण ते वर्गाबाहेर ठेवणार नाही, बोरू सर.

बोरू: पहिल्या सहामाहीत पत्रं किती? शंभराच्या खाली मी मान्य करणार नाही.