दोन अनोळखी माणसं दिवसभर लातूरजवळ अडकवायची आहेत, कारण सुचवा

गोदाकाठची:
डिसेंबरअखेरच्या सुट्टीत घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा लिहायला घेतली आहे, साधारण अडीच हजार शब्दांची. तो हैदराबादचा, ती परळीची. दोघांना लातूरला लग्नाला जायचंय, ओळख अजिबात नाही. कच्च्या मसुद्यात मुसळधार पाऊस आणि पुलावर पाणी घेतलंय, पण वाचणाऱ्यांना ते पटत नाही. सकाळी अडकून रात्री सुटतील असं कारण हवं. अपघात नको, खलनायक नको. आणि शेवटी पुन्हा भेटायला काही ठोस निमित्त हवं.

कडबापेंडी:
पाऊस काढूनच टाका. डिसेंबरात आपल्याकडे फार तर अवकाळीची एखादी सर येते. शिवाय ओढ्याचा पूर पाऊस थांबला की काही तासांत ओसरतो, दिवसभर पुरत नाही.

त्याऐवजी वेळ अमावस्या घ्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, आपली येळवस. लातूर, धाराशिव भागात त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ बंद, रस्ते ओस. पंक्चरवाला मिळत नाही, रिक्षा मिळत नाही. तारीख मात्र पंचांगात बघून घ्या: २०२४ मध्ये ती ११ जानेवारीला आली आणि पुन्हा ३० डिसेंबरलाही. नाताळची सुट्टी जोडायची तर ३० डिसेंबर सोयीचा. फक्त ते लग्न काढा. अमावस्येला लग्न कोण धरतं? मामाच्या शेतावरचं बोलावणं ठेवा.

रूळमार्ग:
जागा लातूर रोड स्टेशन. लातूर वेगळं, लातूर रोड वेगळं. मध्ये तीस-पस्तीस किलोमीटर आहेत. विकाराबाद–परळी मार्गावरच्या सगळ्या गाड्या लातूरला वळत नाहीत, त्यामुळे नाव वाचून घाईत उतरणारा माणूस खोटा वाटणार नाही. मार्ग एकेरी आहे, तेव्हा दोन्हीकडच्या गाड्यांचं क्रॉसिंग तिथेच दाखवा, दोघं एकाच वेळी फलाटावर येतील.

पण परळीची मुलगी ही चूक करणार नाही, तिला हे लहानपणापासून माहीत असतं. तिला नाशिकची करा, वैजनाथाचं दर्शन घेऊन निघालेली.

उंडेवाली:
दुपार जेवणातच घालवा, खरा माल तिथे आहे. येळवशीला वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारतात, “पाव्हणं, या की भज्जी खायला.” नको म्हटलं तरी सोडत नाहीत. रानात कडब्याच्या पेंड्यांची कोप, म्हणजे खोपी असते, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव. पूजा झाली की “ओलगे ओलगे सालम पोलगे” म्हणत पिकावर आंबील शिंपडतात. इथे नायकाच्या हाती आंबिलाचं मडकं द्या.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे नाशिकच्या मुलीला ठाऊक नसेल. गंमत तिथे आहे. तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात शिजवून त्यात चिंचेचा कोळ आणि बेसन घालतात. बेसन आधी गार पाण्यात कालवायचं. थेट उकळत्या भाजीत टाकलं की गुठळ्या होतात. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. आंबिलाला एक वाटी ज्वारीचं पीठ चार वाट्या पाण्यात शिजवून पूर्ण गार करायचं, मग लिटरभर ताक, ठेचलेला लसूण, मीठ, आणि रात्रभर मडक्यात. पीठ गरम असताना ताक ओतलं की फाटतं. नायिकेला मदत करताना चूक करायची असेल तर गुठळ्यांची ठेवा. आंबील आदल्या रात्रीच झालेलं असतं.

नवरा-बायको समजण्याचा प्रसंग घेणार असाल तर कुंकवावर नको, कुंकू कुमारिकेलाही लावतात. ओटी मात्र सवाष्णीची भरतात. आजी तांदळाची ओंजळ पुढे करते आणि नायिकेला ओच्यात घ्यायचं की खरं सांगायचं ते त्या क्षणी ठरवावं लागतं. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात, त्या उजेडात त्यांना निघू द्या.

डबलबेल:
शेवट एसटीत करा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून तो “एक फुल, एक हाफ” मागेल. कंडक्टरकडे सुटे नसले की तो दोन प्रवाशांत मिळून एक नोट देतो, “उतरल्यावर वाटून घ्या.” ही दोघांची शंभराची नोट तिच्याकडे ठेवा. एरवी टपरीवर चहा घेऊन मोडता आली असती, पण येळवशीला टपरीही बंद.

गोदाकाठची:
हे फार कामाचं आहे, सगळ्यांचे आभार. एकच अडचण: आता लोक लगेच फोनवरून पैसे पाठवतात. मग नोटेचा पेच उरेल का?

डबलबेल:
पाठवू द्या की! पाठवायला नंबर लागतो. त्याला स्कॅनर दाखवू देऊ नका, बॅटरी संपलेली ठेवा. तो नंबर तोंडी सांगेल, ती तिकिटाच्या पाठीवर लिहून घेईल. खिडक्यांच्या खडखडाटात शेवटचा आकडा सात की आठ, ते तिला नीट ऐकू आलेलं नसेल.